जहाजाच्या पंपाचं बुश

माझा थोरला भाऊ अकोल्याच्या एमआयडीसीत स्वतःच्या एका लेथवर दालमिलचे सुटे भाग करायचा. मिलमालक झिजलेलं बुश, म्हणजे शाफ्टभोवतीची धातूची नळी, टेबलावर टाकून म्हणायचा, "असंच पाह्यजे." दादा तसंच कधी करत नसे. बुश झिजलं म्हणजे त्यात फिरणारा शाफ्टही बारीक झाला असणार, म्हणून तो भोक मूळ मापापेक्षा पाच-सहा शतांश मिलिमीटर लहान ठेवायचा. मिल बिनआवाज चालायची. पुढे मिलवाले बाहेरून तयार बुश मागवू लागले आणि लेथ रिकामी राहू लागली.

अशात मुंबईचा एक ठेकेदार नौदलाच्या जहाजाचं बुश घेऊन आला. ते जहाज क्षेपणास्त्रं डागणाऱ्या फ्रिगेट, म्हणजे युद्धनौकांच्या, एका वर्गातलं. त्या वर्गातली जहाजं एका देशात बांधलेली, टर्बाइन दुसऱ्या देशाची. त्याच दोन देशांत युद्ध जुंपलं आणि सुट्या भागांची वाट अडली. हे बुश समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं. ड्रॉइंग नव्हतं, नमुना तेवढा होता. हे काम जमलं तर वर्कशॉप टिकणार होतं, नाहीतर कुलूप.

मी अमरावतीला राजापेठेत राहतो, नोकरी हिशेबाची. सुटीच्या दिवशी जाऊन मापं मी घेत असे. बुशाच्या काठाशी न झिजलेली पट्टी होती, तिथे मूळ माप नीट मिळालं. दादानं भोक मात्र पाच शतांश कमी केलं.

"दादा, कमी काहून?"

"शाफ्ट बी घासला असन ना बे."

"तू पाह्यला काय?"

"दालमिलचा तरी कोनता पाह्यतो? तू आकडे लिव. मशीन मले समजते."

ठेकेदाराला विचारलं, तर शाफ्ट त्यानंही पाहिलेला नव्हता. माल गेला.

पावसाळा संपता संपता, मी वर्कशॉपमध्ये असताना, ठेकेदाराचा फोन आला. जहाजावर बुशासोबत शाफ्टही नवा घालतात. गोदीत शिल्लक होता तो एकच, आणि तोच घातला होता. बुश त्यावर चढलं, पण फिरायला फट पुरली नाही. चाचणीत तापलं, शाफ्टला धरलं आणि तो ओरबाडून निघाला.

"आता दुसरा शाफ्ट आणायचा कुठून?" ठेकेदार म्हणाला. "तुमचं काम बंद."

वर्कशॉपमागच्या खोलीतून वहिनींनी विचारलं, "काय म्हन्ते तो?"

"काई नाई. माप चुकलं."

"मी घेतलेलं माप बरोबर होतं, दादा," मी म्हणालो.

"मंग तर आनखीच वाईट," तो म्हणाला आणि पुसलेली लेथ परत पुसू लागला.

दिवाळीआधी लेथ विकली. नांदगाव खंडेश्वरच्या माणसानं ट्रॅक्टर आणला होता. दोर आवळताना दादानं मला विचारलं, "ते जहाज निंघालं काय रे गोदीतून?"

ठेकेदार माझा फोन उचलत नव्हता. मी सांगितलं, मला माहीत नाही.