घाटा गरम असेपर्यंत

कोरोनात सुरू झालेलं माझं घरून काम पुढेही तसंच चालू राहिलं. जळगावच्या आमच्या घरात नवराही घरूनच काम करतो. फरक एवढाच, की तो आतल्या खोलीत कडी लावून ‘ऑफिसात’ असतो आणि मी ओट्याशेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ‘घरीच’ असते. गॅसवाला आला की उठायचं मी, धुणंवाली आली की मी. त्याला चहा हवा असला की मेसेज येतो. मेसेज, बरं का! एकाच घरात.

मागच्या एप्रिलात टीम लीडच्या जागेसाठी माझी मुलाखत ठरली, व्हिडिओवर, सकाळी दहाला. किती वर्षं त्या जागेवर डोळा होता माझा! आणि सासूबाईंनी बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, नेमका तोच दिवस धरला. आमच्या गल्लीत बायका पाळीपाळीने एकमेकींकडे बिबड्या करायला जातात. सासूबाई सगळ्यांना सांगून आल्या होत्या. मी मुलाखतीचं सांगितलं, तर त्यांच्या धरणगावच्या बोलीत म्हणाल्या, “तू ते घरमाच शेस ना.” घरातच तर आहेस, म्हणे.

ज्वारीचा घाटा शिजला की गरम असतानाच थापावा लागतो. गार झाला की गेला वाया. त्यात दोघी आल्याच नाहीत, हात कमी पडले. दहा वाजत आले तरी मी गच्चीवर घाट्यात हात घालून बसलेली. शेवटी उठले. नवऱ्यालाच म्हणणार होते, थोडा वेळ माझ्या जागी बस. जिना उतरताना ऐकू आलं, सासूबाई बायकांना दटावत होत्या, हळू बोला, त्याची मीटिंग चालू आहे. आणि मी मूर्ख बाई, त्याच्या दाराशी गेले, उभी राहिले आणि पाय न वाजवता परत फिरले. चिकट बोटांनी मोबाईलवर लिहिलं, मुलाखत उद्या घेता येईल का?

उद्यापर्यंत ती जागा दुसऱ्याला गेली होती.

त्याला सांगितलं तेव्हा तो खरंच हळहळला. म्हणाला, “अगं, दार वाजवायचं ना! मीटिंग रद्द झाली होती माझी. मी नुसताच पडलो होतो.”