चांगुलपणाचं सर्टिफिकेट

२०२४ साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, आणि मी चांगला माणूस आहे की नाही हे तपासायला पुण्याहून एक बाई येणार होत्या.

माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही; शाळा त्यांची होती म्हणून मी निघालो. मोहोळकडच्या गावातून सोलापुरात आलो, दुसऱ्याच्या मागावर राबलो, मग स्वतःचे दोन माग घातले. दोनाचे चौदा झाले. आम्ही टॉवेल विणतो. माझ्या टॉवेलानं अंग पुसून आजवर कुणी तक्रार केलेली नाही. एवढं असताना मला कुणाचा कागद कशाला पाहिजे, असं माझं म्हणणं होतं. कारखान्यात माझं म्हणणं शेवटचं असतं, घरात सूनबाईचं. अडचण एवढीच, की कारखान्याचं ऑफिसही तीच बघते.

"मामा," ती म्हणाली, "परदेशात कायदा झालाय. तिथल्या कंपनीनं टॉवेल विकला, तर तो कुणी विणला, त्या माणसाला कसं वागवलं, याचा जाब आता कंपनीला द्यावा लागतो."

"तिकडं झालाय न्हवं? मग तिकडंच पाळू दे की."

"पाळणार तिकडंच. तपासणार हितं."

आमचा माल घेणाऱ्या निर्यातदारानंही स्पष्ट कळवलं होतं, की सर्टिफिकेट असेल त्याच कारखान्याचा टॉवेल बोटीवर चढेल. चौदातले आठ माग त्याच्याच ऑर्डरवर चालत होते. ती गेली की आठ माग बंद आणि त्यावरची माणसं घरी. हे मला कळत होतं. म्हणून मी "येऊ दे तुझ्या बाईला" म्हणालो, पण असं म्हणालो की जणू त्या परदेशावर उपकारच केले.

शेजारचा कारखानदार माझ्याच वयाचा. तो हसला. "लेका, मी तर फ्रेमसकट इकत आणलंय. तुला पायजे तर सांग." त्याच्या भिंतीवर ते होतं खरं, इंग्रजीतलं, सोनेरी काठाचं. त्यात काय लिहिलंय हे त्यालाही वाचता येत नव्हतं आणि मलाही. मी सूनबाईला हळूच विचारलं. ती म्हणाली, त्याच्यावरचा नंबर कंपनी तपासून बघते, आणि मग फ्रेम तेवढी आपल्याकडं राहते.

मग तयारी सुरू झाली. सूनबाईनं कामगारांच्या हक्कांच्या पाट्या मराठीत आणि तेलुगूत लावल्या. भिंतीला एक पेटी ठोकली. कामगारानं न भिता तक्रार लिहून त्यात टाकायची. तिसऱ्या दिवशी पेटीत पहिली चिठ्ठी पडली: "चहा नुसता पाणी असतो." मी लगेच माग थांबवले, सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि एकेकाकडून 'चहा' लिहून घेतला, अक्षर जुळवायला. सूनबाई पळत आली.

"मामा, हे काय चालवलंय?"

"तक्रारीची चौकशी नको व्हय करायला?"

तिनं चिठ्ठ्या गोळा केल्या आणि पेटीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून चहा मात्र दाट आला. मी सांगितलं म्हणून नव्हे. कुणी सांगितलं मला माहीत नाही.

सगळ्यांना जाड बूटही आणले. बाई आल्या त्या दिवशी ते नवेकोरे बूट शेडच्या दाराबाहेर ओळीनं मांडलेले होते आणि आत सगळे अनवाणी. मागापुढं पायताण घालून उभं राहायचं नाही, ही आमच्याकडची पहिल्यापासूनची रीत. दसऱ्याला ज्याची पूजा करतो त्याच्यापुढं बूट घालून कोण जाईल? बाईंनी ते बूट मोजले.

"काका, हे पायात घालायचे असतात ना?"

"असतात की. रस्त्यावर."

"आणि आत मागातला धोटा उडून पायावर पडला तर?"

"पाय बाजूला घेतो."

त्यांनी लिहून घेतलं. मला वाटलं, आपली हुशारी लिहून घेतली. बाई दिसायला माझ्या नातीएवढ्या; पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायच्या. पण प्रत्येक माणसाशी त्या वेगवेगळं बोलल्या, सुताच्या गोदामात, दार लावून. मला बाहेर काढलं. माझ्याच गोदामातून! मी बाहेर सुताच्या कोनांच्या पोत्यावर बसून राहिलो आणि आत गेलेला प्रत्येक जण किती वेळ घेतो ते बघत राहिलो. सगळ्यात जास्त वेळ आमच्या म्हाताऱ्या विणकरानं घेतला. घरी तेलुगू बोलणारा माणूस, माझ्या पहिल्या मागापासून माझ्याबरोबर. एरवी दिवसभरात दहा शब्द बोलत नाही.

दुपारी बाई माझ्यासमोर येऊन काहीतरी म्हणाल्या.

"जरा मोठ्यानं बोला की," मी म्हणालो, "माग चालू हायत."

माग बंद होते. जेवणाची सुट्टी होती. सूनबाई खाली बघायला लागली.

बाईंनी मोठ्यानं सांगितलं. त्यांच्या मते बुटाचं निभावून नेता येईल, शेडमध्ये वापरायचे वेगळे बूट ठेवा. पण शेडमधल्या एकाही माणसाचे कान आजवर तपासलेले नाहीत, हे चालणार नाही. तपासणी करा, कानात घालायची बोंडं द्या, आणि कान अधू निघाला म्हणून कुणाचं काम काढणार नाही असं लिहून द्या. शेडमध्ये वावरणाऱ्या प्रत्येकाची तपासणी. "म्हणजे तुमचीही, काका." त्या उद्या संध्याकाळपर्यंत सोलापुरात होत्या. तोवर सुरुवात झालेली दिसली नाही, तर सर्टिफिकेट नाही.

सूनबाईनं तासाभरात कानाचा डॉक्टर ठरवला, उद्या सकाळी आठला. पाटीखाली नावांसाठी कोरा कागद लावला. चार वाजले, पाच वाजले, कागद कोराच. मी म्हाताऱ्या विणकराच्या मागाशी गेलो आणि सगळे माग थांबवले.

"तू त्या बाईला काय सांगितलंस?"

"ऐकू येत नाही म्हणून सांगितलं."

"कवापासून?"

"झाली की चार-पाच वर्षं. बायको हाक मारते, मी बघतच नाही. तिला वाटतं मुद्दाम करतो."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलं, मालक?"

मी म्हणालो, विचारायचं काय त्यात, मी काय परका आहे? त्यानं तुटलेल्या सुताला गाठ मारली. मग म्हणाला, "त्या सातव्या मागावरच्याला ऐकू येईना, तर तुम्ही त्याला गेटवर बसवलं. मला गेटवर बसायचं नाही."

सातव्या मागावरचा तो माणूस. त्याला मी खुर्ची दिली होती, सावली दिली होती. वर्षानुवर्षं मी ती माझी दया म्हणून चारचौघांत सांगत आलो होतो. सहा महिन्यांत तो काम सोडून गेला, तेव्हा मी त्याला कृतघ्न म्हणालो होतो.

"तुला कोण गेटवर बसवतंय? सूनबाई तसं लिहून देणार हाय."

"कागद चांगला आहे की," तो म्हणाला. "पण मालक, सगळे विचारतात, तुम्ही येणार काय?"

"मला काय धाड भरलीय?"

तो हसला. मागं उभे असलेलेही हसले. बाहेरच्या एका बाईला पाच तासांत कळलं ते या सगळ्यांना कित्येक वर्षं माहीत होतं, आणि माझं मन राखायला ते माझ्यासमोर मोठ्यानं बोलत होते. मी आपला समजत होतो, मागावरच्या माणसांचा आवाजच मोठा असतो.

सर्टिफिकेटानं माणूस चांगला होतो, असं मी आजही म्हणणार नाही. पण तो कागद द्यायच्या आधी कुणीतरी दार लावून विचारतं. मी दार उघडं ठेवून कधी विचारलं नव्हतं. हे मी सूनबाईला बोललो नाही. तिला आधीच पुष्कळ डोक्यावर बसवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी धुतलेलं धोतर नेसून डॉक्टरच्या दारात हजर झालो. माझ्या मागं आमची सगळी पलटण. डॉक्टरच्या मदतनीस बाईनं मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पहिले दोन आवाज आले. मग काही येईना. पण काचेतून तिचं बोट हललेलं मला दिसत होतं. दोन वेळा मी बोट बघून बटण दाबलं, आणि ती मान हलवून "छान, छान" म्हणाल्यासारखी दिसली. तिच्या मागं म्हातारा विणकर उभा होता, माझ्या अंगठ्याकडं बघत.

मी खूण करून तिला थांबवलं. म्हणालो, पहिल्यापासून घ्या. आणि डोळे मिटून बसलो.