पार्वताबाईंनी हात वर केला

वर्धा सोडलं आणि डब्यातला पंखा बंद पडला. तिथून नागपूरपर्यंत मी, माझी वळकटी आणि माझं व्याख्यान, तिघंही घामाने चिंब. विषय होता 'लोकशाही आणि लोकानुनय'. साताऱ्याच्या कॉलेजात पोरांना राज्यशास्त्र शिकवणारा मी. नागपूरच्या व्याख्यानमालेचं बोलावणं आलं तेव्हा घरात चांगलाच मिरवलो होतो. पण लोकानुनयाची व्याख्या काही केल्या जमेना. लोकांना हवं ते देणं म्हणजे लोकानुनय म्हणावं, तर लोकशाहीत दुसरं काय करायचं असतं? माझं गाडं तिथंच अडलेलं.

स्टेशनबाहेर सायकलरिक्षा केली. महाल भागात शिरेपर्यंत भिंतीभिंतीवर एकच चेहरा, हात जोडलेला.

"हे कोण?" मी रिक्षावाल्याला विचारलं.

"आपले भाऊ! बाहेरगावचे दिसून राहिले जी तुम्ही."

"निवडून आलेत का?"

"त्यायले काय निवडाचं? भाऊ म्हंजे आपणच!"

घ्या! पोटासाठी पायडल मारणारा हा माणूस भाऊ, आणि मीही भाऊ. मला हसू आलं. ते हसू पुढे दोन दिवसही टिकलं नाही.

माझा जुना वर्गमित्र विनायक देशकर महालातच राहायचा. रविवारी सकाळी त्याने मला बाजाराच्या तोंडाशी पार्वताबाईंच्या टपरीवर नेलं. पोह्यांवर चण्यांची तर्री (लाल तिखट रस्सा) आली. पहिल्याच घासाला मला अशी उचकी लागली की तर्रीचा ओघळ थेट सदऱ्यावर. व्याख्यानाचा एकुलता एक सदरा तो!

"हळू जी मास्तर," पार्वताबाई पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाल्या. "तर्री आहे, दूध नाही." आणि पदर तोंडाला लावून मनसोक्त हसल्या.

बाई पन्नाशीच्या, एकट्या. टपरी हेच त्यांचं घरदार. पण त्या टपरीवर आता संकट होतं, कारण बाजारातला रस्ता रुंद व्हायचा होता. त्या बाजाराचा एक रिवाज देशकरने मला सांगितला. मडक्यात चिठ्ठ्या टाकून दुकानदार आणि टपरीवाले दरवर्षी पाच पंच निवडत. कोणाची जागा काढायची झाली तर त्याचं म्हणणं पंचांनी आधी ऐकायचं, मगच महापालिकेने हात लावायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण आजवर कोणी मोडलं नव्हतं. पार्वताबाईंची पाळी सोमवारी होती.

पंचांचे म्होरके दादाराव, म्हातारे कापडवाले, तिथेच पोहे खात होते. "रस्ता तर होईनच, बाई," ते म्हणाले. "पण तुमची टपरी आतल्या कोपऱ्यात सरकवता येते. उद्या बोला तुम्ही. आम्ही ऐकून घेतो."

"बोलतो जी. पाठच करून राहिली," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी बाजाराच्या मैदानात भाऊंची सभा होती. व्याख्यानाला मसाला मिळेल म्हणून मीही गेलो. भाऊ आले ते गर्दीतून चालत, म्हाताऱ्यांच्या पाया पडत. व्यासपीठावर चढले आणि पहिलं वाक्य काय? "मले भूक लागली! पार्वताआई कुठं आहे?"

पार्वताबाईंना हाताला धरून वर नेलं. त्यांच्या हातची बशी घेऊन भाऊंनी सगळ्यांसमोर पोहे खाल्ले, बोटं चाटली, त्यांच्या पायांना हात लावला. बाईंना रडू कोसळलं. खरं सांगतो, मीही टाळ्या वाजवल्या.

मग भाऊंचा आवाज चढला. "रस्ता पाह्यजे का नाही?"

"पाह्यजे!"

"मंग कोण अडवून राहिलं? खोलीत बसून चिठ्ठ्या मोजणारे हे पाच जण! जनतेचे दुश्मन! जनता इथं समोर बसली आहे, मंग पंच कायले पाह्यजे?"

दादाराव उभे राहिले. "भाऊ, उद्या लोकायचं ऐकाचं आहे..."

"खाली बस! बस खाली!" मैदान उसळलं. शेजारच्या कोणीतरी त्यांची टोपी उडवली.

"पंच बरखास्त! मंजूर असन त्यानं हात वर करा!"

मैदानभर हात. आणि व्यासपीठावर, डाव्या हातात उष्टी बशी धरून, पार्वताबाईंचा उजवा हात सगळ्यांत उंच.

"अरे, ही बाई काय करतेय!" मी ओरडलो. त्या गदारोळात माझं कोण ऐकतंय!

सोमवारी सकाळी महापालिकेचा ट्रक आला. पार्वताबाई दादारावांच्या दुकानाकडे धावल्या. मी मागोमाग होतो. दादाराव पायरीवर बसले होते.

"ऐकलं असतं बाई," ते मान खाली घालून म्हणाले. "पण आता कोण्या हक्कानं ऐकू? काल तुम्हीच सगळ्यायनं उठवलं मले."

बाई भाऊंच्या बंगल्यावर गेल्या. भाऊ दौऱ्यावर होते. परत येईतो टपरीच्या फळ्या ट्रकमध्ये पडल्या होत्या आणि कढई रस्त्यात पालथी. त्यांना बघून मला इतका संताप आला की कुणाची मानगूट धरावी तेच कळेना.

त्या संध्याकाळी डाग पडलेल्या सदऱ्यातच व्याख्यान दिलं. जो जनतेचं नाव घेतो आणि जनतेतल्या एकेकाचं ऐकायची जागा मोडून टाकतो, तो लोकानुनयी, असं मी सांगितलं. टाळ्या पडल्या. व्याख्या जमली होती, आणि मला तिची शिसारी आली.

निघताना रिक्षा मुद्दाम बाजारावरून घेतली. पार्वताबाई जुन्या जागेसमोर कढई घेऊन बसल्या होत्या.

"हात का वर केलात, बाई?" माझ्याच्याने राहवलं नाही.

त्या कढई पुसत म्हणाल्या, "भाऊ म्हणे जनतेचे दुश्मन. मी तर जनताच आहे ना जी? मले वाटलं, जाईन ते दुसऱ्या कोणाचं जाईन."

साताऱ्याला आलो. पहिल्याच तासाला सवयीने म्हणालो, "समजलं त्यांनी हात वर करा." अख्ख्या वर्गाचे हात वर गेले आणि मला बाजाराचं मैदान आठवलं. मग एकेकाला उभं करून विचारत गेलो. घंटा झाली तरी निम्म्या पोरांचं ऐकायचं राहिलं होतं. त्यांचं दुसऱ्या दिवशी ऐकलं. पार्वताबाईंचं राहिलं ते राहिलंच.