दाजींनी दार फिरवलं

जगात अदृश्य गोष्टींवर विश्वास ठेवणारी माणसं पुष्कळ असतात, पण अदृश्य गोष्टीला दारात थांबवून, तिची विचारपूस करून, हाताला धरून आत आणून योग्य त्या कोपऱ्यात बसवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. मी त्यांना दाजी म्हणतो. दाजींचं बैठं घर राहनाळला, रस्त्याला लागून, आणि नोकरी काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझरची. मी भिवंडीत शाळामास्तर, विषय भूगोल, स्वभाव थोडा चिडका. रविवारी दुपारी जेवून त्यांच्याकडे गेलो की दाजी ओटीवरच्या झोपाळ्यावर अर्धवट डोळे मिटून बसलेले असायचे आणि त्यांच्या डोक्यावर ओळीने टांगलेल्या विंड चाइम. वाऱ्याचा पत्ता नसतानाही त्या किणकिणायच्या, कारण रस्त्यावरून कंटेनर गेला की सगळं घर अंगावर काटा आल्यासारखं शहारायचं. किणकिण सुरू झाली की दाजी हळूच म्हणायचे, "आली बघा." मी म्हणायचो, "दाजी, तो कंटेनर गेला." "कंटेनर गेला, ती आली," दाजी म्हणायचे आणि झोपाळ्याला पायाने एक झोका द्यायचे. ती म्हणजे एनर्जी. दुपारचं ऊन, जेवणाची सुस्ती, ती बारीक किणकिण, यात दहा मिनिटं बसलं की माझ्यासारख्या माणसालाही कोणीतरी आत येऊन गेल्यासारखं वाटायचं, आणि मग मी मुद्दाम उठून तोंडावर पाणी मारून यायचो.

हे फेंगशुई, म्हणजे चिन्यांचं वास्तुशास्त्र, दाजींच्या घरात पुस्तकातून आलं नाही, टेंपोतून आलं. त्यांच्या गोडाऊनमध्ये एका व्यापाऱ्याचा असला सगळा माल उतरला होता. उतरवताना थर कोसळला, बरीच खोकी फुटली आणि व्यापाऱ्याने फुटका माल घ्यायला नकार दिला. मालकाने कामगारांना सांगितलं, हवं ते न्या. बाकीच्यांनी दिवे नेले, फुलदाण्या नेल्या. दाजींनी उरलेलं सगळं आणलं. त्यामुळे त्यांच्या घरातला हसरा बुद्ध एका कानाचा आहे. कासवाची मान चिकटवलेली आहे आणि ती जरा डावीकडे बघते. तीन पायांच्या बेडकाचा एक पाय गेलेला, म्हणजे तो दोन पायांचा, आणि त्याला उभं करायला खाली काड्यापेटी लावलेली. मी एकदा म्हणालो, "दाजी, हे देवच आधी दवाखान्यात न्यायला पाहिजेत." दाजी रागावले नाहीत. म्हणाले, "मास्तर, फुटक्यातनंच आत शिरायला फट असते." 

खोक्यांत एक माहितीपत्रकही होतं, चिनी आणि हिंदीत. तेवढ्या एका कागदावर दाजींनी आपलं शास्त्र उभं केलं, आणि जिथे कागद अपुरा पडला तिथे गोडाऊनची शिस्त लावली. त्यांच्या मते एनर्जी म्हणजे माल. तिला आत यायला वाट पाहिजे, फिरायला जागा पाहिजे, आणि मधल्या गल्लीत कोणी काही ठेवता कामा नये. या नियमाने ताईचं शिवणयंत्र, पाटा-वरवंटा आणि एकदा तर खुद्द मीच मधल्या गल्लीतून उचलला गेलो. घरात कुठलीही वस्तू महिनाभर हलली नाही की ती डेड स्टॉक. लग्नातली भांडी, माझ्या आईचा पितळी डबा, सगळं दर रविवारी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत प्रवास करायचं. आणि सगळ्यात कहर म्हणजे आधी आलेला माल आधी बाहेर. हा नियम त्यांनी पाहुण्यांनाही लावला. एकदा मी चारला आलो आणि माझ्या मागून त्यांचे एक चुलतभाऊ सव्वाचारला आले. चुलतभावांना निघायचं होतं, पण मी आधी आलेलो असल्यामुळे मी उठल्याशिवाय त्यांना उठता येईना. ताईने भजी तळायला घेतलेली. मी भज्यांसाठी बसून राहिलो, ते बिचारे माझ्यासाठी बसून राहिले, आणि दाजी घड्याळाकडे बघत म्हणाले, "मास्तर, तुमच्यापायी सगळी लाईन अडकलीय." मी दोन भजी खिशात घालून निघालो.

हसायला ठीक आहे, पण हे वेड कशातून आलं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. दाजींची एकुलती एक मुलगी दर्शना. ती भिवंडीत एका ऑफिसात कामाला होती आणि तिथेच एका तेलुगू मुलाच्या प्रेमात पडली. त्याच्या घरी कापडाचे चार लूम, माणसं कष्टाळू, मुलगा निर्व्यसनी. पण दाजींच्या डोक्यात जातभाई, गाव, लोक काय म्हणतील, सगळं एकदम उसळलं. ज्या सकाळी ती बॅग घेऊन निघाली त्या सकाळी दाजी पुढच्या दारात उभे राहून म्हणाले, "या दारातनं जातेस तर पुन्ना या दारातनं आत यायचं न्हाय." ती गेली. घर असं शांत झालं की ताई म्हणायची, कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटतं. त्यानंतर दीड महिन्यात ती फुटकी खोकी आली. माहितीपत्रकात एका चौकोनात 'संतान' असं लिहिलेलं होतं, आणि दाजींचं बोट पहिल्यांदा तिथेच जाऊन टेकलं होतं, असं ताईने मला सांगितलं. तो चौकोन त्यांच्या हिशेबाने नेमका पुढच्या दारावर येत होता. म्हणून त्या दारावर त्यांनी आठ कोनी आरसा लावला, लाल रिबन बांधली, चपलांना बंदी केली. दार रोज ओल्या फडक्याने पुसायचे. मुलीचं नाव मात्र काढायचे नाहीत, आणि आम्हालाही काढू द्यायचे नाहीत.

आता कोणी म्हणेल, एवढं होतं तर सरळ तिला बोलवायचं. तो माणूस दाजींना ओळखत नाही. दाजींचा शब्द म्हणजे शब्द. मागे कधीतरी एका लग्नात त्यांची थोरल्या भावाशी बाचाबाची झाली आणि ते चारचौघांत म्हणून बसले की तुझ्या घरचा चहा पिणार नाही. भावाशी पुढे सगळं गोड झालं, पण शब्द गेला होता. म्हणून दाजी भावाकडे जाताना थर्मास घेऊन जातात. भावाच्या ओटीवर, भावाच्या शेजारी बसून, आपल्या घरचा चहा भावाच्या कपात ओतून पितात, आणि भावालाही पाजतात. कप चालतो, कपाबद्दल ते काही बोललेले नाहीत.

आणि अशा माणसाला मी, भूगोलाचा मास्तर, एका रविवारी शहाणपणा शिकवायला गेलो. ते माहितीपत्रक सहज चाळत होतो. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इस नक्शे में ऊपर दक्षिण है.' आपल्या नकाशात वर उत्तर, त्यांच्या नकाशात वर दक्षिण. म्हणजे दाजींनी सगळं घर उलटं मांडलेलं होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी कागद त्यांच्या पुढे धरला आणि वर्गात शिकवतात तसं शिकवलं. "दाजी, तुमचा संतानाचा चौकोन पूर्वेला नाहीच. तो पश्चिमेला, मागच्या भिंतीवर. तुम्ही इतके दिवस चुकीचं दार पुसत होता." मला वाटलं, आता हा खेळ आटोपला. दाजी कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिले. विंड चाइम वाजल्या तरी 'आली' म्हणाले नाहीत. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरलं की मी पुरता गोंधळलो. "मंग दार हितं कशाला?" ते म्हणाले. "दार तिकडं पायजे." आणि उठून मागच्या भिंतीला हात लावून उभे राहिले.

त्या दिवशी ताईने मला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. गावात तर हलकल्लोळ झाला. पूर्वेचं दार बुजवून पश्चिमेला काढणारा माणूस राहनाळने पाहिला नव्हता. म्हातारी माणसं एकेक करून समजवायला आली आणि आली त्याच क्रमाने परत पाठवली गेली. गवंडी म्हणाला, "दादा, पुढचं राहू दे, मागचं नवीन काढू." दाजी म्हणाले, "दोन्ही समोरासमोर आली तर आलेली एनर्जी सरळ निघून जाते. पुढचं बंद." जुन्या दाराच्या जागी खालपर्यंत विटा आल्या आणि वर एक खिडकी बसली. मागच्या भिंतीला नवं दार आलं. मागे चिकूचं झाड, धुण्याचा दगड, आणि पलीकडे एक शेवटचं शेत उरलंय, ज्यात अजून गोडाऊन आलेलं नाही. संध्याकाळी त्या शेतातले बगळे उठले की सगळं ऊन त्या दारातून आत येऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत लोळायचं. कबूल करतो, घर सुंदर दिसायला लागलं होतं. दाजी आता त्या दाराशी खुर्ची टाकून बसत.

दार झाल्यावर एकदा ते मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या शाळेकडनंच तिचं घर ना. दार फिरवल्याचं जरा कानावर घाला." इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा 'तिचं' म्हटलं होतं, आणि मी ते ऐकूनही ऐकलं नाही. माझं डोकं म्हणजे शेणाचा गोळा. दुसऱ्या दिवशी मी दर्शनाकडे गेलो. लूमची खडखड चालू, सासूबाईंनी पुढे केलेला चहा हातात, आणि मी गमतीजमती सांगायच्या लहरीत. "तुझ्या बापाचं ऐकलंस का? पुढचं दार विटा लावून बुजवलं." तिने विचारलं, "आपलं दार?" मी म्हटलं, "हो, कायमचं." आणि बेडकाच्या काड्यापेटीची गोष्ट सांगायला लागलो. ती दूध बघते म्हणून आत गेली ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. मला वाटलं, दूध जास्त असेल.

पुढे कितीतरी रविवार गेले. दाजी दाराशी बसलेले. कोणाच्या पावलांचा आवाज आला की मान वर व्हायची, मग कामवाली दिसायची, नाहीतर शेजारच्यांची शेळी. ते वाळत चालले होते. शेवटी एक दिवस चपलेच्या अंगठ्याशी खेळत त्यांनी विचारलं, "तिला सांगितलं ना तुमी?" "त्याच आठवड्यात सांगितलं," मी म्हटलं, "पुढचं दार बुजवलं म्हणून." "आन नवीन काढलंय ते?"  आणि मग, इतक्या उशिरा, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस दीड वर्षं चिनी कागदात स्वतःच्याच तोंडून निघालेल्या एका वाक्याला वळसा घालायची वाट शोधत होता. ती वाट मी त्याला दाखवली होती, आणि मीच नेऊन मुलीला सांगितलं होतं की बापाने तुझ्यासाठी भिंत घातली. मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल. मी तिथून उठलो तो थेट रिक्षात बसलो. त्या दिवशी माझ्या आधी कोण आलं होतं हेही दाजींनी विचारलं नाही.

दर्शनाने सगळं ऐकून घेतलं. "त्यांनी बोलावलंय का?" एवढंच विचारलं. खोटं बोलवेना. मी म्हटलं, "बोलावलं नाही गं. पण दार काढलंय." ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली, मग आत जाऊन साडी नेसून, एक लहान बॅग घेऊन आली. पोटुशी होती, हे मला तेव्हा कळलं. रिक्षा घरापुढे थांबली. मी पैसे देईपर्यंत तिची पावलं सवयीने सरळ पुढे गेली आणि विटांपाशी थांबली. तिने खिडकीखालच्या भिंतीला हात लावला. "मामा, इथं आपला उंबरठा होता," ती म्हणाली. नवं दार आहे हे तिला माहीत होतं, पण समोर भिंत बघणं वेगळं. तिचे खांदे खाली आले आणि ती परत वळते की काय असं मला वाटलं.

तेवढ्यात खिडकीत दाजी आले. रिक्षाचा आवाज ऐकून मागच्या दारापासून पळत आले असावेत, धाप लागली होती. बाप आणि मुलगी गजांच्या दोन बाजूंना. दाजींनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोटाशी नजर थांबली, ओठ हलले. "हितनं नको," ते म्हणाले. दर्शनाचा चेहरा पांढराफटक पडला. दाजींनी गज घट्ट धरला, घसा खाकरला आणि हळू, अगदी समजावल्यासारखं म्हणाले, "तिकडनं ये गं. मागच्या अंगाला दार हाय. त्या दारात मी तुला कायच बोल्लो न्हाय."

ती घराला वळसा घालून गेली. मला तिची बॅग घेऊन मागे जायचं होतं, पण ती मी खाली ठेवली. मी खिडकीशीच उभा राहिलो. तिथून घर आरपार दिसत होतं. पलीकडच्या दारात शेतातलं सगळं ऊन भरलं होतं आणि त्या उन्हात दाजी एका बाजूला सरून, वाट मोकळी करून, अंग चोरून उभे होते. मग ती आली. दोघांच्या नुसत्या आकृत्या दिसत होत्या, चेहरे दिसत नव्हते, आणि ते बरंच झालं, कारण तोवर मलाही नीट दिसत नव्हतं. तिने उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं. मग आतून ताईचा आवाज आला, किती कप टाकू म्हणून.