तळघरातील पंडित आणि आमचे टेबल

तहसील कचेरीसमोर टेबल टाकून मी लोकांचे अर्ज लिहून देतो. आज वर्तमानपत्रात एका दिवंगत जर्मन इतिहासपंडिताचे छायाचित्र पाहिले. हातात भिंग, समोर फाटका कागद. सरकारला हवा तसा इतिहास लिहिण्यास नकार दिल्याने त्यांची प्राध्यापकी गेली. पुढे आयुष्यभर ते संग्रहालयाच्या तळघरात प्राचीन मिसरातील, म्हणजे इजिप्तमधील, रयतेचे तक्रारअर्ज वाचत बसले. नावे निरनिराळ्या अर्जदारांची. परंतु लिहिणारा हात एकच, हे त्यांनी केवळ अक्षराच्या वळणावरून ओळखले.

तेवढ्यात आवक विभागाचे कारकून आले. "काका, उद्यापासून छापील नमुनाच चालेल. तुमचं मोत्यासारखं अक्षर आता लग्नपत्रिकांवर काढा!"

"भाऊसाहेब, तोंडी हुकूम मी मानीत नाही. लेखी द्या."

"लेखी? तुम्हाला?" ते हसत आत गेले.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे असेल. परंतु या तालुक्याचे गाऱ्हाणे कायद्याच्या भाषेत मीच बसवले आहे. राज्ये बुडाली, तक्रारी उरल्या. कारण त्या कोणीतरी हाताने लिहिल्या होत्या. मी कोरा कागद ओढला, हस्तलिखित अर्ज नाकारण्याविरुद्ध सविस्तर हरकत लिहिली आणि जिथे आजवर इतरांचे अंगठे उमटवून घेतले, तिथे प्रथमच स्वतःचे नाव घातले.