मेंढरं वळवतात तसं

म्हसवडच्या शाळेतल्या मुलींना मी बास्केटबॉलमधला फुल कोर्ट प्रेस शिकवत होतो. म्हणजे बास्केट झाल्यावर मागे पळायचं नाही, समोरच्यांनी बॉल आत टाकला की तिथंच त्यांना अडवायचं. फळ्यावर बाण काढून महिनाभर समजावलं. तरी सांगलीच्या सामन्यात आमच्या पाचही जणी बॉलमागे धावत सुटल्या आणि मध्यंतरालाच बऱ्याच गुणांनी मागे पडल्या. इथं हरलो तर पुढच्या वर्षी शाळा संघच पाठवणार नव्हती.

त्या घाईत, नोकरीभर लपवलेलं माझ्या तोंडून निघून गेलं.

"आगं, मेंढराच्या मागनं पळलं तर ते वळतंय व्हय? म्होरं आडवं व्हायचं, कडंला घ्यायचं. कोपऱ्यात शिरलं की दोघींनी कोंडायचं."

कॅप्टन बघतच राहिली. "सर, तुमी मेंढरं राखलीत?"

"व्हय. दहावीपातूर, बापासंगं."

"मग महिनाभर बाण कशाला काढलं?" दुसरी म्हणाली आणि सगळ्या खिदळत मैदानात गेल्या.

खरं सांगतो, लाज वाटायला मला सवडच मिळाली नाही. पोरी बॉलवालीला बरोबर रेषेकडे वळवत होत्या, कोपऱ्यात कोंडत होत्या, आणि मी तोंडात बोटं घालून बापासारखी शीळ घालत नाचत होतो. पंचांनी दम दिल्यावर राखीव मुलींनी शीळ सुरू केली.

एका बास्केटनं जिंकलो. परतताना गाडीत पोरी माझ्या बापाबद्दल, कुत्र्यांबद्दल, मेंढरांच्या वाड्याबद्दल विचारत होत्या, आणि म्हसवड येईपर्यंत मी सांगत होतो.