दोन फेरे हातानं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कामठीच्या कॉलेजात अकरावीला घर्षण शिकवत होते. तीनदा कापला. चौथ्यांदा उचलला तर ती एवढंच म्हणाली, "शटर अर्धं उघडलं अन् तिथंच बसले वं हे…" पुढचं शेजारच्या पानठेलेवाल्यानं सांगितलं. शेअर ऑटोत बसले तरी खडू हातातच होता. वाटेत सिग्नलला बाजूला एक मोटारसायकल येऊन थांबली, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिचा टेन्शनर गेलाय. सांगायला लाज वाटते. सख्खा भाऊ गेला होता आणि मी परक्याच्या इंजिनाची खडखड ऐकत होते. त्याला आता सहा आठवडे झाले. कान अजून शांत नाहीत. रस्त्यानं गाडी गेली की मी मान वळवते, शिकवता शिकवता थांबते.

शालिकभाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. सक्करदऱ्याला त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज. स्वतः नववीतून शाळा सोडली आणि मला एम.एस्सी.पर्यंत नेलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढले ती मी, हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. तसं सांगायला त्यानंच शिकवलं. बी.एस्सी.ची माझी गुणपत्रिका त्यानं पान्यांच्या बोर्डावर खिळ्याला टांगली होती. गिऱ्हाईक इंजिनाचं विचारी, हा फिजिक्सचे गुण दाखवी. इंजिन तपासायचं तर लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. इंजिनाच्या पोटात एक साखळी असते, टायमिंग चेन. वरच्या झडपा वेळेवर उघडणं-मिटणं तिच्या हाती. ती सैल पडू नये म्हणून तिला सतत दाबून धरतो तो टेन्शनर. तो झिजला की चेन आतल्या आत आपटत राहते. हा आवाज भाऊला गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा. नवा टेन्शनर बसवला तरी लगेच किक मारायची नाही, हा त्याचा नेम. नटाला पाना लावून इंजिन हातानं पुरे दोन फेरे फिरवायचं, अगदी हळू. "पहिला फेरा आपला, दुसरा गाडीवाल्याचा," म्हणायचा. मला ती त्याची पूजा वाटायची. मी हसायचे.

त्या हसण्याबद्दलच लिहायचं आहे. नाहीतर हा लेख लिहायला बसलेच नसते.

बी.एस्सी. होऊन महिना झाला असेल. पारशिवनीकडचे एक गुरुजी गाडी घेऊन आले होते. दुपारी त्यांना मुलीच्या साखरपुड्याला पोचायचं होतं. भाऊनं जुना टेन्शनर काढला आणि त्याच्या सांध्यात बसणारं गॅस्केट फाटलं म्हणून नवं आणायला गेला. गुरुजी चहाला गेले. नवा टेन्शनर समोर पडलेला, शेजारी एक जुनं गॅस्केटही बरं दिसत होतं. हे काम मी पन्नासदा पाहिलं होतं. वाटलं, भाऊ येईतो गाडी तयार ठेवू. बसवला, बोल्ट आवळले. दोन फेरे दिले नाहीत. शिकलेल्या माणसानं असलं काय करायचं… सरळ किक मारली. आत खट्ट वाजलं आणि किक तिथंच अडकली. माझ्या धसमुसळेपणात चेन वरच्या दातेरी चाकावर दोन दाते सरकली होती. पिस्टननं झडप वाकवली.

भाऊ परतला. किककडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मागोमाग गुरुजी आले. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "गुरुजी, माया हातून गलती झाली. गाडी आज नाही भेटत."

गुरुजी चार माणसांत बोलले, "शालिक गा, तुझ्या हाताचं नाव ऐकून इतक्या दुरून येतो मी. हेच का ते नाव?"

मी ओढणीआड हात लपवून उभी होते. काळे झाले होते हात. गुरुजी लोकांच्या गाडीवर बसून साखरपुड्याला गेले, आणि त्यांच्या गावाकडच्या गाड्या हळूहळू यायच्या बंद झाल्या. मला भाऊ एवढंच म्हणाला, "तुझं डोकं तेज आहे वं, पण हाताले थांबणं येत नाही." मग कागदावर दोन चाकं काढून दाखवलं, खालचं दोनदा फिरतं तेव्हा वरचं एकदा, दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडून मिटते, काही अडत असेल तर हाताला कळतं. त्यानंतर तो विषय त्यानं कधी काढला नाही. मी काढायला गेले की म्हणायचा, चहा मांड.

भाऊच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं बसली. एकानं म्हटलं, सगळ्या इंजिनांचं ऐकणाऱ्यानं आपल्या छातीचं ऐकलं नाही. मला हे वाक्य सहन होत नाही. ऐकलं होतं त्यानं. दोनदा डॉक्टरकडं जाऊन आला होता, आम्हालाच सांगितलं नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातून एक म्हातारा आवाज आला, "माणूस सोन्याचा. जिंदगीत एकच गलती केली, तेबी माया गाडीवर." गुरुजी. इतक्या वर्षांनी यंदा ते परत आले होते, कारण त्यांच्या गाडीची खडखड दुसऱ्या कुणाच्यानं जाईना. भाऊनं शेवटची खोलली ती त्यांचीच गाडी. टेन्शनर काढून भोकात फडकं कोंबून ठेवलेली.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो खाली ठेवला. "गुरुजी, ती गलती भाऊची नव्हती. माझी होती."

वहिनी बघतच राहिली. गुरुजींनी हातातला कप खाली ठेवला. "मंग तेव्हा काहून नाही बोलली?"

मी ट्रेमधले कप सारखे करत राहिले.

"गाडी अजून खुलीच आहे," ते म्हणाले. "आता तूच बसव."

मी म्हटलं, कित्येक वर्षांत पाना धरला नाही, मला येत नाही.

"तेव्हा तरी कुठं येत होतं?"

गेल्या रविवारी शटर पुरं वर केलं. गुरुजी स्टुलावर बसले. भोकातलं फडकं ओढलं तर ती भाऊच्या निळ्या शर्टाची बाही. चाकांवरच्या खुणा तीनदा जुळवून पाहिल्या. टेन्शनर बसवला. नटाला पाना लावला आणि थांबले. पहिला फेरा. दुसरा. कुठं अडलं नाही. मग मी तिसरा दिला.

"तो दोनच देत होता," गुरुजी म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि किक मारली.

भाऊचा पेचकस इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. एका बाजूनं ती मूठ गुळगुळीत झाली आहे, त्याच्या कानाच्या बाजूनं. आत चेनची नुसती सळसळ होती. गुरुजी म्हणाले, झालं बाई, बंद कर. पुन्हा म्हणाले. मी मूठ कानाला तशीच धरून उभी राहिले.